गच्चीवरचा टकला

आमच्या घरात चोरण्यासारखं काहीच नाही, हे मला कॅमेरे लावल्यानंतर कळलं. लावले तेव्हा मात्र कारण गंभीर होतं. मागच्या गल्लीतल्या एका गच्चीवरून ऐन मे महिन्यात कूलरचा पंप चोरीला गेला होता. नागपुरात मे महिन्यात सोनं गेलं तर माणूस पोलिसांकडे जातो. कूलरचा पंप गेला तर नातेवाईक त्याला भेटायला येतात.

कॅमेरे बसवणारा एक फाटकावर आणि एक गच्चीवर लावून गेला. हालचाल दिसली की फोन वाजेल, ही व्यवस्था मात्र मी स्वतः केली. (आयुष्यभर कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या मीटरवर नजर ठेवलेला माणूस मी. एवढ्याशा डबीला काय भ्यायचं?) संवेदनशीलता किती ठेवायची, असं फोनने विचारलं. स्वतःच्या घराच्या बाबतीत माणसाने कमी संवेदनशील का राहावं? मी पूर्ण ठेवली.

त्या दिवशी फोनने कडुनिंबाचं पान पडल्याचं कळवलं, गाय आल्याचं कळवलं, आणि गाईचं शेपूट हललं ते वेगळं कळवलं. सुमन, म्हणजे आमची सौ., म्हणाली की फोन थरथरून थरथरून टेबलावरून स्वतःच सरकतो आहे, त्याचीही नोंद घ्या.

पुण्यातल्या आमच्या मुलाने फोनवर उपाय सांगितला. संवेदनशीलता कमी करायची, ‘फक्त माणसं’ हा पर्याय निवडायचा, आणि जिथे लक्ष ठेवायचं तेवढ्यापुरती बोटाने चौकट काढायची. माझं बोट जरा जाड आहे. पहिली चौकट शेजारच्या ढोबळेंच्या बाल्कनीवर पडली आणि अर्धा दिवस मला ढोबळे दात कधी घासतात याच्या बातम्या मिळत राहिल्या. दुसरी मात्र नेमकी गच्चीवर, आमच्या कूलरभोवती बसली. मग फोन गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, भांग पाडून मी पोहे खायला बसलो होतो. सुमन ढोबळेंकडे गेली असावी असा माझा समज होता. एवढ्यात फोन वाजला. ‘व्यक्ती आढळली.’

उघडून बघतो तर गच्चीवर माणूस! अंगात बनियन, कमरेला टॉवेल, कॅमेऱ्याकडे पाठ. टाळूवर पुरीएवढं टक्कल. त्याने कोपरापर्यंत हात आमच्या कूलरमध्ये घातला होता. मग हात काढला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि चादरीवर वाळत घातलेली सुमनची एक कुरडई उचलून तोंडात टाकली. आणखी एक टाकली. त्याच्या चेहऱ्यावर (म्हणजे पाठीवर) भीतीचा लवलेश नव्हता.

मी चवड्यांवर जिना चढलो, गच्चीच्या दाराला आतून कडी घातली आणि खाली येऊन गल्लीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला. चोर गच्चीवर कोंडला आहे, लवकर या.

गल्ली धावली. कोणी जाळे काढायचा झाडू आणला, कोणी गॅसचा पाना. ढोबळे मुलाची क्रिकेटची बॅट घेऊन आले. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, “भाऊ, चांगला खात्यापित्या घरचा चोर दिसून राहिला.”

मी म्हणालो, लोकांचं खाऊन खाऊनच पाठ अशी झाली आहे. एक जण म्हणाला, हा माणूस मी दूध केंद्रावर बघितला आहे. मी म्हणालो, पाळत ठेवत असेल.

ॲपमध्ये एक सोय होती. इकडे आपण बोलायचं, तिकडे कॅमेरा बोलतो. मी आवाज जाड करून सांगितलं, “तू घेरला गेला आहेस. हललास तर याद राख.” आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. वरून काहीच आवाज आला नाही.

मग कठड्यावर एक डोकं आलं. डोकं आणि तोंड ओढणीने करकचून बांधलेलं, वर काळा चष्मा. “दुसराही आहे,” असं म्हणत ढोबळे मागे सरले आणि बॅट त्यांनी माझ्या हातात दिली. तो बुरखेधारी हातवारे करू लागला. उन्हाळ्यात नागपूरच्या निम्म्या बायका अशाच दिसतात, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाही आठवलं नाही.

त्याने ओढणी सोडली. सुमन होती. कुरड्या पालटायला वर गेली होती आणि तिचा चेहरा तव्यासारखा तापला होता.

“दार काहून लावलं जी? मी इथं उन्हात भाजून राहिली, अन् तुमी खाली कायची सभा भरवून राहिले?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या डोक्याजवळचा कॅमेरा माझ्या आवाजात बोलला. “तू घेरला गेला आहेस. हललास तर याद राख.”

(आमचं इंटरनेट गच्चीपर्यंत पोचता पोचता धापा टाकतं.)

सुमन खरोखरच हलली नाही. मी जिना चढून कडी काढेपर्यंत ती तिथेच उभी राहून माझ्याकडे बघत होती. गच्चीवर दुसरं कोणी नव्हतं. पंप जागेवर होता. चोर गेला कुठे, म्हणून मी टाकीमागे वाकून बघत होतो, तेवढ्यात माझ्यामागून आलेल्या ढोबळेंनी तिला व्हिडिओ दाखवला.

तिने एकदाच बघितला. “हे तर तुमी आहा.”

मी साफ नाकारलं. मला केस आहेत. मी समोरून हात फिरवून दाखवला.

“समोरचं तुमाले दिसते, मागचं मले दिसते,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून बाजारात याच पाठीमागं पिशव्या घेऊन चालून राहिली मी. अन् कुरड्या तुमी खाऊन राहिले होते? मी उगाच माकडांले शिव्या दिल्या.”

मग आठवलं. सकाळी आंघोळीआधी मी कूलरचं पाणी नीट पडतं का ते बघायला वर आलो होतो. माझी धमकी जशी रखडत वर गेली, तसाच, त्याहूनही रखडत, तो व्हिडिओ खाली आला होता. गल्ली शांतपणे पांगली. ढोबळेंनी बॅट मागून घेतली आणि मागून कोणीच स्वतःला ओळखत नाही, असं मोठ्या मनाने, जरा जास्तच मोठ्याने सांगितलं.

तो व्हिडिओ मी अजून अधूनमधून बघतो. त्या माणसाला समजून घ्यायचा खूप प्रयत्न करतो. पण ती चाल, ते इकडेतिकडे बघणं, तो कुरडईकडे सरकणारा हात… खरं सांगतो, उद्या तो पुन्हा गच्चीवर दिसला तर मी गल्ली गोळा करीनच. फक्त कडी घालण्याआधी सुमन कुठे आहे ते बघून घेईन.