खळीची बोटं

चिठोरेबाबूच्या उजव्या हाताच्या बोटांना कायम वाळलेली खळ लागलेली असायची. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत कलकत्त्याच्या आमच्या लॉ कॉलेजात मराठी असे आम्ही दोघेच. तो तिथेच जन्मलेला, प्राध्यापकाचा मुलगा. मी वडिलांच्या बदलीबरोबर आलेला. त्याला हे नाव मीच ठेवलं, आणि तेही काही चांगल्या मनाने नव्हे.

एखादा जुना निकाल वरच्या कोर्टाने पुढे फिरवला किंवा उचलून धरला, की हा ग्रंथपालांची परवानगी घेऊन निकालांच्या जुन्या खंडात नेमक्या त्या पानावर चिठ्ठी डकवायचा: निकाल कुठे फिरला, कुठे टिकला, कधी. आम्ही बाकीचे निकालावरचा सारांश उतरवून मोकळे होत असू. तो अख्खा निकाल वाचायचा आणि विचारायचा, “निकाल चांगला आहे रे, पण अजून जिवंत आहे काय?”

प्राध्यापक हे वाक्य वर्गात सांगू लागले तेव्हा माझा जळफळाट झाला. घरी आईचंही तेच, जरा त्याच्याकडे बघून शीक. बंगालीच्या सवयीने तो ‘पाणी पितो’ऐवजी ‘पाणी खातो’ म्हणायचा, तेवढंच काय ते माझं समाधान.

शेवटच्या वर्षी लुटुपुटूच्या खटल्यात आम्ही समोरासमोर आलो. जिंकेल त्याला परीक्षक बॅरिस्टर आपल्या हाताखाली घेणार होते. मला एक निकाल सापडला, अगदी माझ्यासाठीच दिल्यासारखा. पानावर चिठ्ठी होती. अक्षर ओळखलं आणि न वाचताच पान उलटलं. त्याची शिकवणी मला नको होती.

खटल्याच्या दिवशी तो निकाल मी ठसक्यात वाचून दाखवला. चिठोरेबाबू उठला आणि खालच्या आवाजात म्हणाला की हा निकाल चार वर्षांपूर्वीच फिरलेला आहे. बॅरिस्टरांनी त्याला घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला कुत्सितपणे विचारलं, मजा आली ना? त्याला काही कळेचना.

“चिठ्ठी तर मी आठ दिवस अगोदर लावली होती,” तो म्हणाला. “तू हाच निकाल घेणार, माहीत होतं मला. म्हटलं, वाचशील आणि दुसरा शोधशील.”

हार पचली असती. हा चांगुलपणा काही पचेना.

पुढे वडिलांची नागपूरला बदली झाली आणि मी तिथेच वकिली केली. गेल्या वर्षी तो वारल्याचं त्याच्या बहिणीचं पत्र आलं. आज माझ्या टेबलावर खळीची डबी असते. निकाल जिवंत आहे का, हे पाहिल्याशिवाय मी कोर्टात तोंड उघडत नाही. बाररूममधल्या खंडांतही माझ्याच चिठ्ठ्या आहेत, आणि ज्युनियर लोक हसतात.

तरी त्याचा हेवा गेलेला नाही. परवाच एका फिरलेल्या निकालाची चिठ्ठी लिहून तयार होती. समोरचा वकील त्याच निकालावर उभा राहणार, हे मला ठाऊक होतं. खटला संपेपर्यंत ती मी खिशातच ठेवली.