मैनाची गोळी

परवा रविवारी उमरग्याला आमच्या घरी सांत्वनाला माणसं आली होती. माझी पत्नी सुमन जाऊन अजून महिना झाला नाही... बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेलीच असते.

परंड्याहून आलेले साडू टेकले आणि लगेच उठले. धोतर मागून ओलं झालं होतं... आमची कुत्री मैना तिथंच झोपून उठली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवडाभर हेच चाललं होतं. थोरली बहीण आक्का म्हणाली, "सुमननं लई लाडावून ठेवली रे हिला. शेतावर नेऊन बांध, न्हायतर घरात कुणी पाय ठेवायचं न्हाय." मी चुलतभावाला फोन केला. तो सकाळी येऊन तिला नेणार, असं ठरलं. तोवर मैनाला रागावून अंगणात बांधलं.

संध्याकाळी आमचे जनावरांचे डॉक्टर भेटायला आले. मैना बाहेर का, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं...

"गोळी बंद केलीत का?"

"कसली गोळी?"

पिल्लं नकोत म्हणून आम्ही मैनाचं ऑपरेशन केलं होतं. त्यात चूक काही नाही, पण ऑपरेशननंतर काही कुत्र्यांना पुढं कधीतरी हा त्रास सुरू होतो, झोपेत लघवी गळते, त्यांना स्वतःला कळतही नाही... असं ते म्हणाले. "वहिनी रोज गोळी द्यायच्या की. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. सुमनच्या औषधांची पिशवी डोळ्यांसमोर नको, म्हणून दहाव्यानंतर मी तशीच टाकून दिली होती. त्यातच मैनाच्याही गोळ्या असणार...

"मला तरी काय म्हाईत रे," आक्का हळूच म्हणाली आणि आत गेली.

चुलतभावाला येऊ नको म्हणून कळवलं. मैनाला सोडलं, तर ती उंबऱ्याबाहेरच बसून राहिली. दोनदा बोलावलं, आत आली नाही. मग मीच बाहेर जाऊन तिच्याजवळ बसलो.

तुमच्याकडं ऑपरेशन केलेली कुत्री असेल आणि असं काही झालं, तर रागावण्याआधी डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नाही...

इतके दिवस माणसं येऊन मला धीर देतात. सुमन गेल्याचं दुःख या घरात आणखी एका जिवाला होतं, आणि मी त्याला दोरीनं बांधून ठेवलं.