बिबीजानचे आठ दिवस

सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत चादरींचं एक जुनं दुकान आहे आणि त्याच्या डोक्यावर चित्रांचं दालन. दोन खोल्या, एक लांबट व्हरांडा आणि चढायला अरुंद जिना. एका ड्रॉइंग मास्तरांनी हौसेनं घेतलेली ही जागा. ते गेल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी ट्रस्ट केला. बँकेतून निवृत्त झालेले अण्णाराव त्याचे सेक्रेटरी. दालन उघडायचं, झाडायचं, चौकटींवरची धूळ कोरड्या फडक्यानं टिपायची, आलेल्याला पाणी द्यायचं आणि सहाला कुलूप लावायचं, हे सगळं गेली अकरा वर्षं बिबीजान करते. शिवाय आणखी एक काम करते, जे तिला कुणीच सांगितलेलं नाही.

ते मला कळलं त्या दिवशी मी चादर बदलून घ्यायला दुकानात गेले होते. मालक जेवायला गेलेले. तोवर वर जाऊन यावं म्हणून जिना चढले आणि भिंतीवरून भराभरा डोळे फिरवायला लागले. बी.ए. झालेल्या बाईला चित्रातलं काही कळत नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये, असा चेहरा करून.

"वहिनी, बसा आधी," कोपऱ्यातून आवाज आला. "पाणी प्या. एवढी सगळी बघू नका. एकच बघा. बाकीची खिळ्याला हायेत, कुठं जात न्हाईत."

"कुठलं बघू?"

"जे आवडलं न्हाई ते. आवडलेलं बघून माणूस पुढं जातंय. न आवडलेल्यापुढं थांबतंय."

मी एका तपकिरी चित्राकडे बोट केलं. म्हटलं, फार तपकिरी आहे. ती म्हणाली, कुठं कुठं जास्त वाटतंय ते लांबूनच बोटानं दाखवा. मी दाखवायला लागले आणि तपकिरी एक नाहीच, पाच-सहा आहेत, हे माझं मलाच दिसलं. त्यातल्या एका तपकिरीत एक बाई पाठमोरी बसली होती. ती मला आधी दिसलीच नव्हती. बिबीजाननं ती दाखवली नाही. मला सापडेपर्यंत पदरानं चौकट पुसत उभी राहिली.

ती अक्कलकोटची. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर चौदा वर्षं घरी बसून टॉवेलांच्या दशांना गाठी मारायची. हजारो टॉवेल बोटांखालून गेले. नवरा अल्लाउद्दीन रिक्षा चालवतो, शांत माणूस. घरात सासू आहे, सगळे तिला अम्मी म्हणतात. दालनात झाडायला बाई हवी म्हणून बिबीजान आली आणि झाडता झाडता भिंतीकडे बघायला लागली. "धा वर्षं रोज एकच भिंत बघितल्यावर दगडाला पण डोळे येतील की," असं ती म्हणते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पूर्व भागातल्या बचत गटाच्या बारा बायका खाली दुकानात टॉवेलांची ऑर्डर घ्यायला आल्या होत्या. बिड्या वळणाऱ्या, घरोघर यंत्रमाग असलेल्या, आपापसात तेलुगू बोलणाऱ्या. बिबीजान खाली जाऊन त्यांना चहाच्या नावाखाली वर घेऊन आली. मी तेव्हा वरच होते. त्यांच्यातली थोरली नरसम्मा सरळ एका डोंगराच्या चित्रापाशी गेली, खालचा कोपरा चिमटीत धरला आणि चित्र उलटं करून बघायला लागली. तारेवरचं चित्र तिरकं झालं. बाकीच्या अकराजणी पाठ बघायला वाकल्या.

यात त्यांचं चुकलं असं आमच्या गावात कुणी म्हणणार नाही. सोलापुरात कापड कुणी पुढून बघून घेत नाही. पुढची बाजू कुणीही देखणी करतं. धागा कुठं तुटला, कुठं सांधला, हे पाठीमागं दिसतं.

बिबीजानचा हात चित्र धरायला धावला आणि मधेच थांबला. मग तिनं ते चित्र स्वतःच खाली उतरवलं, टेबलावर चादर अंथरली आणि चित्र त्यावर पालथं ठेवलं.

"बघा आता. पण हात लावायचा न्हाई."

मागं लाकडी पट्ट्या होत्या, गंजलेले खिळे होते आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: आकाश तिसऱ्यांदा.

"म्हणजे दोनदा चुकलं व्हतं?" नरसम्मानं विचारलं.

"असंल की."

"आनि ह्ये लिवून ठेवलं?" तिला याचंच जास्त नवल वाटलं. "आमच्यात उसवलं तर लपवत्यात."

चित्र सुलटं केल्यावर त्या बायकांनी डोंगराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आकाशात जुनं आकाश कुठं दिसतंय का, हेच शोधत राहिल्या. एकीला एका ढगाखाली पिवळट पट्टा सापडला, तेव्हा बाकीच्यांनी तिला अगदी जागा करून दिली.

तेव्हापासून दर शनिवारी एक चित्र पालथं व्हायला लागलं. पहिल्या शनिवारी अण्णाराव आले, रिकामा खिळा बघून जिन्यातच थबकले. "पडलं?"

"न्हाई साहेब. पाठ दाखवतीय."

अण्णारावांनी डोळे मिटून घेतले. पण महिनाभरात शनिवारी जिन्यात चपला ठेवायला जागा उरेना, तेव्हा ट्रस्टच्या बैठकीत ते याला "आमचा पाठ उपक्रम" म्हणायला लागले.

असंच कुणाकडून ऐकून पुण्याच्या एका संग्रहालयातली सुकन्या नावाची बाई आली. बायकांमध्ये मांडी घालून दुपारभर बसली, फारसं बोलली नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचं पत्र आलं. छोट्या दालनांमधून लोकांशी बोलणाऱ्या माणसांसाठी पुण्यात फेब्रुवारीत आठ दिवसांचं शिबिर. राहणं, जेवण, प्रवास सगळं त्यांच्याकडे. सहा दिवस शिकायचं आणि दोन दिवस बिबीजाननं बाकीच्यांना शिकवायचं. वीस तारखेपर्यंत कळवा.

पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. स्वतः दोनदा वाचलं होतं, तरी मला मोठ्यानं वाचायला लावलं.

"यात 'मार्गदर्शक' मलाच म्हटलंय ना?"

"तुम्हालाच."

"परत वाचा तेवढं."

मी वाचलं. माझी कणीक भिजवायची राहिली होती. तिनं परात ओढली आणि माझी कणीक मळायला लागली. आनंद झाला की तिच्या हातांना काम लागतं.

त्या संध्याकाळी तिनं अम्मीला विचारलं. अम्मी म्हणाली, "मेरेकू क्या पूछती बेटी? मैं आजकी हूँ, कलकी नहीं. अल्लाउद्दीन जो बोलेगा वो."

अल्लाउद्दीन म्हणाला, "मैं कब ना बोलता? लेकिन साहेबका काम है. साहेब सोडतेत क्या, वो देख."

दुसऱ्या दिवशी तिनं अण्णारावांना विचारलं. ते खुर्चीतून अर्धे उठले. "वा! दालनाचा मान आहे हा. माझी काहीही हरकत नाही. फक्त घरी नीट विचारा, बिबीजानबाई. उद्या तुमच्या मिस्टरांनी म्हणू नये की ट्रस्टनं पाठवलं."

"त्यांची न्हाई हरकत."

"ते असं तुम्ही म्हणताय. त्यांच्याकडून कळू दे. शिवाय आठ दिवस दालन कोण उघडणार, हे पण बघावं लागेल."

मी तिथंच होते. म्हटलं, मी उघडीन की, समोरच तर राहते. "छे छे, तुम्हाला कशाला त्रास," असं ते इतक्या मायेनं म्हणाले की पुढं काही बोलताच येईना.

बिबीजान घरी गेली. साहेब हो म्हणाले म्हणून सांगितलं. अल्लाउद्दीन विचारात पडला. "मुहसे बोले होंगे. मनमें नहीं होयेंगा. ग्यारा सालकी नौकरी है." आणि मग, "अम्मीकूबी पूछ लेव."

अशा तिच्या तीन फेऱ्या झाल्या. अम्मीकडून अल्लाउद्दीन, अल्लाउद्दीनकडून अण्णाराव, अण्णारावांकडून परत घर. सगळे गोड बोलत होते. मी खिडकीतून तिला येता-जाता बघायची. पहिल्या फेरीला ती झपझप चालायची. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावर थांबून पेरू हातात घेऊन बघत उभी राहिली आणि न घेता निघाली.

"कुणी एकानं न्हाई म्हटलं असतं ना, तर भांडले असते," ती मला म्हणाली. "हे पडद्यासारखं झालंय, वहिनी. एक सारला की मागं दुसरा."

अठरा तारखेला तिनं एक युक्ती केली. अण्णाराव चारला यायचे. त्याच वेळेला अल्लाउद्दीनलाही बोलावलं. दोघं समोरासमोर आले की एकाला तरी हो किंवा नाही म्हणावंच लागेल, असा तिचा हिशेब. मला म्हणाली, तुमी साक्षीला बसा.

अल्लाउद्दीन इस्त्रीचा शर्ट घालून आला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो जिना चढला होता. बिबीजाननं चहा आणला.

"या, अल्लाउद्दीनभाई," अण्णाराव म्हणाले. "आमची काही ना नाही बरं का."

"आमची तरी कुठं हाय साहेब? तुमी म्हणाल तसं."

"असं कसं? घरचं माणूस तुमचं."

"पण काम तुमचं."

"कामाचं काय, काम होत राहतं. तुमच्या आईंचं वय झालंय, असं ऐकलं."

"वय तर झालंय. पण त्यांचं पण काही म्हणणं न्हाई. तुमची गैरसोय व्हायला नको."

"आमची कसली गैरसोय? तुमची व्हायला नको."

बराच वेळ असंच चाललं. दोघंही एकमेकांना दार उघडून धरत होते आणि आत कुणीच जात नव्हतं. शेवटी अण्णाराव म्हणाले, "शिबिर काय, पुढच्या वर्षी पण असेलच."

अल्लाउद्दीनचा चेहरा उजळला. "हां, पुढच्या वर्षी बरं पडंल."

त्यानंतर दोघं मोकळे झाले. पुण्याच्या थंडीबद्दल बोलले, रिक्षाच्या मीटरबद्दल बोलले. अण्णारावांनी त्याला बिस्किटाची बशी पुढं केली. इतका वेळ बिबीजान रिकामा ट्रे हातात धरून उभी होती.

"म्हणजे या वर्षी न्हाई?" तिनं विचारलं.

"नाही असं कुणी म्हटलं?" अण्णाराव म्हणाले.

"न्हाई कोण म्हटलं?" अल्लाउद्दीनही त्याच दमात म्हणाला. दोघं एकमेकांकडे बघून हसले.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. "मग जा की सरळ. अडवलंय कुणी?"

तिनं कपबश्या गोळा केल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. मग म्हणाली, "वहिनी, आठ दिवसांनी परत यायचंय हितंच. तवर घरी अम्मी पडली, किंवा हितं एक चित्र पडलं, तर दोघं म्हणतील, आमी कुठं पाठवलं व्हतं? तिची ती गेली. न्हाई म्हटलं असतं तर त्यांच्यावर आलं असतं. हो म्हटलं असतं तरी त्यांच्यावर आलं असतं. आता सगळं माझ्यावर हाय."

माझ्या बी.एड.च्या फॉर्मला घरात असंच कुणी नाही म्हटलं नव्हतं.

वीस तारखेला सकाळी ती दोन कागद घेऊन आली. एक अण्णारावांनी लिहून दिलेला, सुबक अक्षरात: घरगुती अडचणींमुळे येणे शक्य नाही, क्षमस्व. दुसरा पाठकोरा, अल्लाउद्दीननं शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेला: कामाच्या कारणामुळे येऊ शकत नाही.

"दोन्ही खोटं," ती म्हणाली. "घरात अडचण न्हाई. कामात पण अडचण न्हाई."

"मग काय लिहायचं?"

ती आपला फोन घेऊन ओट्याशी उभी राहिली. मराठी लिहिताना ती एकेक अक्षर शोधते. माझं दूध तापून उतू आलं, मी ते उतरवलं, तरी तिचं लिहिणं चालूच होतं. मग तिनं फोन माझ्यापुढं धरला. जोडाक्षरं चुकली असतील तर सांगा, म्हणाली. एकच चुकलं होतं.

सुकन्याताई, पत्र मिळालं. मला यायचं होतं. घरातून कुणी नाही म्हटलं नाही. ट्रस्टमधून कुणी नाही म्हटलं नाही. मी येत नाही. बिबीजान.

मी विचारलं, पुढच्या वर्षी येईन असं घालायचं का. ती म्हणाली, ते पण त्या दोघांचंच हाय, आणि पाठवून मोकळी झाली.

दालनात जाऊन तिनं अण्णारावांनाही ते दाखवलं. लपवायचं काही नव्हतं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. "हे असं कसं लिहिलंत? वाचणाऱ्याला काय वाटेल?"

"जे झालं ते वाटंल, साहेब."

सुकन्येचं उत्तर दुपारी आलं. दोन शब्दांचं. कळलं, बिबीजान.

शिबिराचे ते आठ दिवस बिबीजाननं रोज दहाला दालन उघडलं. मधल्या शनिवारी एक चित्र पालथंही केलं. आणि त्याच आठ दिवसांत सगळेजण तिच्याशी फार चांगले वागले. दालन चालत पाच मिनिटांवर, तरी अल्लाउद्दीन तिला रोज रिक्षानं सोडायला यायचा. घरी अम्मीनं एक दिवस तिच्यासाठी खीर केली. अण्णारावांनी दालनाच्या दाराशी तिच्यासाठी नवी खुर्ची आणली, हात असलेली, जाड उशीची. अकरा वर्षं ती आतल्या कोपऱ्यात, चित्रांसमोर, स्टुलावर बसत होती.

मी गेले तेव्हा ती खुर्चीशेजारी उभी होती.

"बसत का नाही?" मी विचारलं.

"उशी मऊ हाय, वहिनी. तुमी बसून बघा."

मी बसले. खरंच मऊ होती. तिथून एकही चित्र दिसत नव्हतं.