बर्फाच्या कप्प्यातली बाटली

शिवकांताच्या हातची सुई दुखत नाही, असं तिची लेक भुवनेश्वरी बेंबळी गावात सगळ्यांना सांगायची. भुवीच्या शरीरात इन्शुलिन तयार होणं शाळेत असतानाच बंद पडलं. खाल्लेलं अंगी लागेना, साखर नुसती रक्तात फिरायची आणि पोरगी वाळत चालली. तेव्हापासून जेवणाआधी बोटाला टोचून साखर बघायची, त्या मापानं सुई द्यायची, आज पोटावर तर उद्या मांडीवर. गावातले हुशार लोक काढे घेऊन यायचे. शिवकांता त्यांना चहा पाजायची आणि काढा मोरीत ओतायची. शेजारी राहणाऱ्या मला तिचं फार कौतुक वाटायचं.

औषधाची बाटली मडक्यात असायची. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात डबी. भर उन्हाळ्यातही औषध कधी बिघडलं नाही.

मग घरात फ्रीज आला. त्याला हळदीकुंकू लावलं, गल्लीत पेढे वाटले. शिवकांतानं लेकीची बाटली मानाच्या जागी ठेवली, वर बर्फाच्या कप्प्यात. जास्त गार तर जास्त टिकेल, असा तिचा हिशेब. सुईच्या वेळी औषध गोठलेलं दिसलं, तेव्हा तिनं ते तळहातात धरून वितळवलं. दिसायला होतं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी भुवी घटाघटा पाणी प्यायला लागली, सारखी लघवीला जायला लागली. मशीनवर आकडा चारशेच्या वर. शिवकांतानं पेढ्यांचा डबा उघडला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो निम्मा केला होता, पण तिला संशय आला लेकीचा.

"खरं सांग, किती खाल्लेस?"

"एकबी न्हाय, आई."

"मग साखर काय आभाळातनं पडली व्हय?"

आणि तिनं भुवीच्या पाठीत धपाटा घातला. जन्मात पहिल्यांदा.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला. नवऱ्यानं, भीमाशंकरनं, गाडी करून धाराशिवचा दवाखाना गाठला. गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी निकामीच असतं, डॉक्टर म्हणाले. सुया घेऊनही पोरीला औषध मिळत नव्हतं, म्हणून शरीर चरबी जाळत सुटलं आणि रक्तात आम्ल साठलं.

भुवी वाचली. शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलली ते एवढंच, "आई, म्या खरंच पेढा खाल्ला न्हवता."

नवी बाटली पुन्हा मडक्यात गेली. भुवी आता कॉलेजला जाते, सुई स्वतःच घेते. मशीनवर आकडा आला की शिवकांता विचारते, "किती गं?" भुवी मशीन बंद करते आणि म्हणते, "बरोबर हाय."