हरकतबाई

माझ्या आईला कचेरीत सगळे हरकतबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला राग येत नसे. उलट त्याची थोडी मिजासच होती. सरकारी जागेची मोजणी झाली की हद्दीचा नकाशा बाहेरच्या फळ्यावर लागे. ज्याला ती हद्द मान्य नसेल त्याने मुदतीत आईच्या खिडकीवर लेखी हरकत द्यायची. मुदत टळली की नकाशा कायम, मग डोकं आपटून उपयोग नाही. आई कागद वाचायची, शिक्का हाणायची आणि म्हणायची, "घेतली. पुढचे या." एवढ्यावर लोक निर्धास्त होऊन घरी जायचे.

तिची थोरली बहीण, माझी मावशी, अगदी दुसरं टोक. तिला आयुष्यात कशाचीच हरकत नव्हती. चहा गार झाला, हरकत नाही. वाटणीत आजीच्या बांगड्या भलत्याच कुणाला गेल्या, हरकत नाही. मला तर कधीकधी तिचा संतापच यायचा. माणसानं इतकंही सोशिक असू नये.

काका गेल्यापासून मावशी मैदानाच्या कडेला दोन खोल्यांत एकटी राहायची. नव्या मोजणीत हद्दीची रेघ तिच्या स्वयंपाकघरातून गेली. ओट्याच्या अलीकडे घर, पलीकडे सार्वजनिक मैदान! आईनं तिच्यामागे लागून हरकत लिहून घेतली. "ताई, उद्याच आणून दे, शेवटच्या दिवसावर ढकलू नकोस," असं दहादा बजावलं. बाईसाहेब उगवल्या शेवटच्याच दिवशी.

खिडकीपुढे ही रांग! आई म्हणजे नाकासमोर चालणारी बाई. "ताई, बाकावर बस जरा. बहिणीचं आधी घेतलं तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"हरकत नाही गं," म्हणून मावशी बसली.

रांग सरता सरेना. एक गृहस्थ तर हुज्जत घालत खिडकीला चिकटूनच राहिले. ते हलले तोवर साहेबांनी येऊन रजिस्टरवर सही करून ते बंदही केलं. आईनं मान वर केली, तर मावशी कागद मांडीवर घेऊन तशीच बसलेली. आईनं साहेबांना हात जोडले. ते म्हणाले, "बाई, मुदत म्हणजे मुदत, हे तुम्हीच सांगता ना लोकांना?"

"अगं, हाक तरी मारायचीस!" आई तिच्यावरच ओरडली.

"तू कामात होतीस ना. असू दे."

वरच्या कचेरीत दाद मागितली. उत्तर आलं: "सदर घराबाबत मुदतीत हरकत नाही."

घर पाडलं तेव्हा मावशी आमच्याकडे आली. कधी कुरकुर केली नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात ती पाहुण्यासारखी, विचारून विचारून डबे उघडायची. ते पाहून आई आत जाऊन डोळे पुसायची. पुढे मावशीनं अंथरूण धरलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. "डॉक्टर म्हणतात, अजून थोडे दिवस इथंच राहू दे," आईनं तिला सांगितलं.

"माझी हरकत आहे," मावशी म्हणाली. आवाज क्षीण होता, पण शब्द स्पष्ट. "मला माझ्या घरी ने."

त्या जागी आता मैदानाचं तारेचं कुंपण होतं, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. आईनं तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"घेतली, ताई," ती म्हणाली. "घेतली."