हवालदार लाड आणि अंकिताचं पॅडल

कृष्णात लाड बावीस वर्षं फौजेत बंदुका दुरुस्त करत होते. हवालदार म्हणून रिटायर होऊन कराडात आले त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली, पण हातात आलेली कुठलीही वस्तू आधी नापासच धरायची ही सवय काही सुटली नाही. सुनेनं आणलेला कुकर, दुकानातली टॉर्च, माझं नवं पेन, सगळ्यांची तपासणी होते. मी पस्तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं, पेपरांचे ढीग उपसले, पण असला कंजूष परीक्षक पाहिला नाही.

आम्ही दोघं रोज सकाळी पिकलबॉल खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅडमिंटनएवढं मैदान, मधे कमरेएवढी जाळी, भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू, आणि टेबल टेनिसच्या बॅटीची थोरली बहीण शोभेल असं पॅडल. फार पळावं लागत नाही, म्हणून आम्हा साठी उलटलेल्यांना हा खेळ मानवला. आमच्यात सगळ्यांत तरबेज रहिमानभाई, फरशीचे व्यापारी. गेल्या चौदा महिन्यांत हवालदारांनी त्यांना एकदाही हरवलं नव्हतं. हवालदार त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, पण हरले की घरापर्यंत मुक्यानं चालत. रोज मुक्या माणसाशेजारून चालणं काय असतं ते मला विचारा.

जानेवारीत अंकिता आली. मूळची रहिमतपूरची, इथंच इंजिनिअरिंग केलं, आणि मामाच्या घरामागच्या शेडमध्ये स्वतः पॅडल बनवायला लागली. कार्बनचे दोन पातळ पत्रे आणि मधे प्लॅस्टिकची जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. तिचे वडीलही माजी सैनिक. पुण्यातली नोकरी तिची वाट बघत होती आणि वडिलांनी अट घातली होती, की पाडव्याच्या आत लाड हवालदारांनी पॅडल पास केलं तर पुण्याचं नाव काढणार नाही, नाहीतर बॅग भरायची. हवालदारांचा 'पास' म्हणजे काय चीज आहे हे फौजेतल्या माणसाला बरोबर ठाऊक.

"काका, जरा दया दाखवा," पोरगी हसत म्हणाली.

"दया घरी. हितं ट्रायल," हवालदार म्हणाले.

शंभर पानी वही आली. रोज सकाळी खेळायच्या आधी पॅडल मैदानाकडेच्या ओट्यावर ठेवायचं, छातीएवढ्या उंचीवरून चेंडू सोडायचा, तो जिथवर उसळेल तिथं मागच्या भिंतीवर पेन्सिलची रेघ मारायची आणि तारीख घालायची. मग बोटानं ठोकून आवाज ऐकायचा. मी म्हटलं, "हवालदार, सोयरीक जुळवताय का?" त्यांनी परत एकदा ठोकून पाहिलं.

पहिले बारा दिवस रेघेवर रेघ बसली. मग पॅडल हळूहळू जोर धरायला लागलं. चेंडू नुसता लागायचा अवकाश, सुसाट सुटायचा. सगळे म्हणाले, क्रिकेटची बॅट खेळून खेळून मुरते तसं हेही मुरलं. मीही मान डोलावली. आणि एका सोमवारी हवालदारांनी रहिमानभाईंना अकरा-सात असं हरवलं.

एकसष्ट वर्षांचा माणूस मैदानावर उड्या मारताना मी प्रथमच पाहिला. त्यांनी कंदी पेढे वाटले. घरापर्यंत इतके बोलले, की मलाच 'पुरे आता' म्हणावंसं वाटलं, पण म्हणवलं नाही. फार बरं वाटत होतं त्यांच्याकडे बघून.

गुरुवारी दुपारी ते माझ्या दारात उभे. काखेत वही, चेहरा उतरलेला.

"सर, तीन दिस मी नोंदच केली न्हाई."

"का?"

"भ्या वाटलं. खेळतानाच आवाज बदललेला कळला हुता मला. म्हटलं, नगं बघायला." त्यांनी पॅडल पुढं केलं आणि कडेला ठोकलं. टणटण. मधोमध ठोकलं. भद्द. "सकाळी चेंडू सोडला. पहिल्या रेघेच्या चार बोटं वर गेला. आतनं सुटलंय हे सर. सुटलेला पत्रा स्प्रिंगगत चेंडू फेकतोय, म्हणून जोर मारतंय. मी न्हाई जिंकलो."

आम्ही तसेच अंकिताच्या शेडवर गेलो. ती म्हणाली, "अहो काका, पण तुम्ही जिंकलात की!"

"खोलू का?" त्यांनी विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली. त्यांनी कडेची पट्टी काढून पातळ सुरी आत सरकवली. कडेला पत्रा चांगलाच धरून होता, मधे मात्र जाळीपासून सहज वेगळा झाला. हवालदारांनी जाळी नाकाशी धरली.

"गुऱ्हाळात ठेवलीस व्हय गं ही?"

अंकिताचा चेहरा पडला. पत्रा जाळीला चिकटवताना डिंक पक्का व्हायला ऊब लागते. भट्टी कुठून आणायची? म्हणून तिनं मामाच्या गुऱ्हाळातली चुलाणाशेजारची, म्हणजे मोठ्या चुलीजवळची गरम भिंत धरली होती. जाळ्याही आदल्या दिवसापासून तिथंच टांगून गरम करायची.

"चुलाण हाय तिथं रस उकळायची काहील बी हाय, पोरी," हवालदार म्हणाले. "आमी कुंडलचे, गुऱ्हाळातच वाढलो. काहिलीची वाफ वली आन चिकाट. तिथं टांगलेला सदरा बी कवा वाळायचा न्हाई. वाफंचा थर जाळीवर बसला, त्यावर तुजा डिंक काय धरणार?"

"पण जोर सगळ्यांना आवडतोय ना काका! कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

त्यांनी तिच्यासमोर वही उघडली आणि 'नापास' लिहून सही केली. पाडवा महिन्यावर आलेला. पोरगी भिंतीकडे तोंड करून रडली. मला असा संताप आला, की बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "एक शब्द लिहायचा होता. पोरीचं भलं झालं असतं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आज त्याची लाज वाटते.

त्याच गुरुवारी संध्याकाळी हवालदार रहिमानभाईंच्या दुकानात जाऊन जिंकणं रद्द करून आले. रहिमानभाई म्हणाले, "अवं हवालदार, ऱ्हाऊ द्या की! मी पेढा खाल्लाय. आता परत कसा द्यायचा?"

अंकिता चार दिवस दिसली नाही. पाचव्या दिवशी समजलं, की तिनं लाकडी पेटीत बल्ब लावून कोरडी ऊब तयार केली आहे. आठवड्यात नवं पॅडल हवालदारांच्या हातात आलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "यावेळी रोज नोंद करा काका." हवालदारांनी मान खाली घातली. "करतो," म्हणाले.

वीस दिवस भिंतीवर एकच रेघ जाड होत गेली. पाडव्याच्या आदल्या सकाळी शेवटचा सामना रहिमानभाईंशी होता. अंकिता कडेला नखं कुरतडत उभी. हवालदार अकरा-चार असे सडकून हरले. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

हवालदार घाम पुसत ओट्यापाशी गेले. पॅडल ठेवलं, चेंडू सोडला, रेघ मारली. कडेला ठोकलं, मधोमध ठोकलं. दोन्हीकडे टणटण. मग चष्मा लावून वहीत लिहिलं आणि वही तिच्यापुढं धरली. पास. खाली सही.

"पण काका, तुम्ही तर हरलात!"

"मी हरलो गं. पॅडल कुठं हरलंय? जा, तुज्या बाला फोन लाव."

ती वही छातीशी धरून पळाली. आम्ही दोघं घराकडं निघालो, आणि हरलेले हवालदार त्या दिवशी घर येईपर्यंत बोलत होते.