दगड साठ पावलं खाली

मंडळीच्या दप्तरात त्याचं नाव शमुवेल दाभाडे असं आहे. पण ते बाप्तिस्म्याला एकदा आणि लग्नात एकदा, एवढंच काय ते मोठ्यानं घेतलं गेलं. बाकी सारा जन्म तात्या. कोल्हापुरात नदीच्या अंगाला एक जुनं दगडी देऊळ आहे. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. तिथं पुढून दुसऱ्या बाकावर, कडेला, टोपी मांडीवर ठेवून डोळे मिटून बसणारा सदुसष्ट वर्षांचा गडी म्हणजे तात्या. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पाच वडिलांपैकी एक. कुणाचं मयत असो, लग्न असो, हा पहाटेच हजर. "तात्यासारखा सरळ माणूस शोधून सापडायचा न्हाय," असं लोक तोंडावर म्हणत, आणि ते ऐकलं की हा टोपी घालून तिथून सटकायचा.

हे सटकणं पंधरा वर्षांचं जुनं होतं. तेव्हा तात्या उदयसिंह नावाच्या एका खासगी मोजणीवाल्याकडं कामाला होता. काम काय, तर दुर्बिणीसमोर आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून उभं राहायचं आणि साहेब सांगेल तिथं दगड रोवायचे. नदीकाठी पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवायला निळ्या रंगाचा दगड रोवलेला असतो. त्याच्या खाली, नदीकडं, घर बांधायचं नाही असा नेम. एका रानात असा दगड करंजाच्या झाडाखाली होता, आणि त्या रानात प्लॉट पाडायचे ठरले होते. उदयसिंह गाडीतून खाली उतरलासुद्धा नाही. काच खाली करून म्हणाला, "तात्या, ह्यो दगड जरा खाली घे. पाणी काय रोज येतंय व्हय हितवर?"

तात्यानं पहार लावली, दगड उपटला, साठ पावलं नदीकडं लोटत नेला आणि तिथं रोवला. वरून रंगाचा नवा हात दिला. दुपारच्या जेवणाआधी काम उरकलं. पुढच्याच महिन्यात तात्याचा मुलगा विश्वजित उदयसिंहच्या ऑफिसात चिकटला. हे कशाबद्दल, असं कोणी बोललं नाही. तात्याला काय कळत नव्हतं होय?

त्या साठ पावलांत तीस-चाळीस घरं उठली. त्यातलं एक बनाबाईचं. बनाबाई मंडळीतलीच. दोन म्हशी, नवरा केरबा, मुलगा आणि वर्षाराणी नावाची सून. वसाहतीतल्या लोकांनी निळा दगड पाहिला आणि त्याच्यावर भरवसा टाकला. पाणी दगडाच्या वर येत नाही, दगडाला लागलं की निघायचं, हे तिथल्या पोराटोरांनासुद्धा पाठ. आठ-नऊ पावसाळे ते खरंही ठरलं.

मग तो महापूर आला. केरबा सांजेला म्हशी सोडायला निघाला होता. बनाबाई म्हणाली, "पानी अजून दगडाखाली दोन हात हाय. सकाळी सोड की." सकाळी छातीएवढ्या पाण्यात केरबा दाव्याला हात घालायला गेला तो गेलाच. शुक्रवार होता.

त्या वेळच्या पाळकांनी, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूंनी, सांगितलं, देशाच्या पापामुळं देवाचा कोप झाला. दोन वर्षांनी पुन्हा पूर आला, तोही कोपाच्याच नावावर गेला. दगडावर मात्र कोणी बोट ठेवलं नाही. कोपाचं पाणी वेगळं, एरवीचं दगडाखालीच, असं धरून सगळे चालले. देवाच्या कोपापुढं बिचारा दगड काय करणार! बनाबाईनं तर सगळं आपल्याच अंगावर घेतलं. "म्या थांब म्हनलं म्हनून त्यो ऱ्हायला," एवढंच ती बोलायची. तेव्हापासून दर शुक्रवारी तिचा कडक उपास, अन्नाचा कण नाही. देवळात तिच्या उपासाचं कौतुक झालं. आणि दर शुक्रवारी इकडं तात्या ताट बाजूला सारायचा.

यंदा पंधरा ऑगस्टच्या आधी पाळक उन्मेषसाहेबांनी राष्ट्रासाठी पश्चात्तापाचा आठवडा काढला. पोरगेला माणूस, मनानं चांगला, आवाज खणखणीत. रोज संध्याकाळी सहाला उपासना, रोज बायबलातला एक संदेष्टा. सोमवारी आमोस. उन्मेषसाहेब म्हणाले, "देवानं इस्राएलाला सांगितलं, तुमचे सण आणि तुमची गाणी मला नकोत, आधी तुमची मापं नीट करा." मग एकेकानं उठून देशाची पापं देवापुढं मांडली. लाचखाऊ अधिकारी, पोरांचे मोबाईल, शेजारच्या राज्यातलं दारूचं दुकान. देशाची पापं म्हणजे दुसऱ्याची पापं, हे मंडळीला चांगलं ठाऊक होतं. एकेकाच्या डोळ्यांतून पाणी काय, आवाजात कंप काय! घरी जाताना सगळे अगदी हलके होऊन गेले.

मंगळवारी होशेय निघाला. उन्मेषसाहेब सांगत होते, "त्या देशाचे सरदार कसे होते? शेताच्या हद्दीचा दगड गुपचूप सरकवणाऱ्यासारखे! आणि देव म्हणाला, ह्यांच्यावर मी माझा राग पाण्यासारखा ओतीन."

तात्याच्या मांडीवरची टोपी खाली पडली. ती उचलायचंही त्याला सुचलं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्याच्या आवाजात पुढचं ऐकूच आलं नाही. हे आपल्यालाच उद्देशून चाललंय असं त्याला वाटायला लागलं. तीन बाकांमागं बनाबाई बसली होती. तिच्याकडं वळून बघायची छाती झाली नाही.

बुधवारी सकाळी त्यानं भाकरी अर्धी टाकली. शालूबाई, त्याची बायको, चुलीपासून म्हणाली, "अवो, काय दुखतंय काय तुमचं? कालपास्नं बघतीया."

आणि तात्यानं सांगितलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. शालूबाईनं पिठाचे हात काटवटीत झटकले. मग म्हणाली, "पोराची नोकरी जाईल. आन् मंडळीत तोंड कसं दावायचं?"

"केरबा गेला, शालू."

"त्ये देवापाशी सांगा की! उद्या प्रार्थनेची पाळी तुमचीच हाय. मानसास्नी कशाला?"

तात्याला तेवढंच हवं होतं. देवापाशी बोलायचं, पण सगळ्यांच्या देखत. दोन्ही साधेल. त्या संध्याकाळी योना निघाला. निनवेचा राजा सिंहासनावरून उतरला, राखेत बसला, आणि सगळं शहर आपल्या वाईट वाटेवरून मागं फिरलं. नुसतं रडलं नाही, मागं फिरलं, हे उन्मेषसाहेब तीनदा म्हणाले. तात्यानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

गुरुवारी राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले. बंधाऱ्यावर पाणी एक्केचाळीस फुटांवर गेलं. त्रेचाळीसला धोका, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगंही सांगेल. तरी उपासनेला देऊळ भरलं होतं. तात्या उठला. त्यानं डोळे मिटले आणि देवळातल्या भाषेत सुरुवात केली.

"हे स्वर्गीय पित्या, मी तुझ्यापुढं सर्वांत मोठा पापी उभा आहे. हद्दीचा दगड मी सरकवला. माझ्या हातांमुळं माणसं बुडाली. केरबाचं रक्त माझ्या माथ्यावर आहे. मला क्षमा कर."

"आमेन!" अख्खं देऊळ दणाणलं.

आता ह्यात मंडळीचा तरी काय दोष? आमच्याकडं प्रार्थनेला उभा राहिलेला प्रत्येक जण आधी स्वतःला सर्वांत मोठा पापी म्हणवून घेतो. रेशनच्या रांगेत जो कुणाला पुढं जाऊ देत नाही, तोही पापात पहिला नंबर आपलाच सांगतो. ती रीतच आहे. सगळ्यांना वाटलं, तात्यानं देशाचं पाप अंगावर घेऊन काय सुरेख प्रार्थना केली! उन्मेषसाहेबांनी डोळे पुसले. म्हणाले, "बघा, संदेष्टे असेच लोकांची पापं आपली म्हणून कबूल करायचे."

बाहेर पायरीवर बनाबाईनं मंडळीच्या रिवाजानं तात्याचा हात दोन्ही हातांत धरला. "सलाम, तात्या. केरबाचं नाव घेतलासा देवाम्होरं. लई बरं वाटलं जिवाला."

तात्याला तिथंच खरं सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "पानी चढायलंय, बनाबाई. निघणार कवा?"

"दगडाला लागू दे की. अजून चार हात लांब हाय."

ती छत्री उघडून गेली. तात्या तिथंच उभा राहिला. त्याला स्वतःची शिसारी आली. माफी मागितली देवाकडं, ती अशी झाकून की जिचा नवरा गेला तिनंच आभार मानावेत! आणि दगड अजून तिथंच, लोकांना थांबा म्हणून सांगत उभा.

शुक्रवारी उजाडलं तसं त्यानं माळ्यावरची पहार काढली. शालूबाई मागोमाग आली. रेनकोट आणून त्याच्या खांद्यावर टाकला आणि एवढंच म्हणाली, "चिखलात जपून जावा."

वसाहतीतली माणसं दगडाभोवतीच जमली होती. पाणी हातभर खाली. कोण म्हणत होतं दुपारपर्यंत थांबेल, कोण म्हणत होतं ओसरेल. तात्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याला बघून दोघा-तिघांनी सवयीनं माना खाली घातल्या.

"डोळं मिटू नगासा," तात्या ओरडला. "ही प्रार्थना न्हवं. ह्यो दगड हितला न्हाय. त्या करंजाखालचा हाय. उदयसिंहानं सांगितलं, आन् म्या ह्या हातानं हलवला. पानी हितं थांबत न्हाय. करंजापतोर येतंय. उठा आन् निघा!"

एक जण हसला. "तात्या, काल देवळात झालं की हे!"

मग तात्यानं पहार खांद्यावर टाकली. दगडाला पाठ करून चालू लागला, मोठ्यानं पावलं मोजत. माणसं मागं निघाली, कोण गमतीनं, कोण धास्तीनं. साठाला तो करंजाच्या बुंध्यापाशी पोचला. पहार मारली. माती, खडी, पुन्हा माती. म्हातारा एकटाच खणत होता, एकानंही पहार मागितली नाही. मग खण्ण् वाजलं. त्यानं हातानं चिखल बाजूला केला. खाली सिमेंटची चौकोनी बैठक होती, मधोमध दगड बसायची खाच, आणि कडेला निळ्या रंगाचे वाळलेले ओघळ. हसणाऱ्यानं वाकून त्या खाचेत हात घातला.

बनाबाई पुढं आली. खड्ड्याकडं बघितलं, मग खाली त्या दगडाकडं, मग तात्याकडं.

"म्हंजी त्या सांजला..."

"तवा बी पानी हितवर येणारच हुतं, बनाबाई. तुमी थांब म्हनलासा त्ये दगडाकडं बघून. आन् दगड खोटा हुता. केरबा तुमच्यामुळं न्हाय गेला. माझ्यामुळं गेला."

बनाबाईनं त्याच्या हातातली पहार हिसकली. आता ती डोक्यात घालते का काय असं सगळ्यांना वाटलं, आणि तात्या काही मागं सरकला नाही. तिनं ती जोर लावून खाली पाण्यात भिरकावली.

"धा वाटा हुत्या तुला माझ्या घरला यायच्या," ती म्हणाली. अहो-जाहो संपलं होतं. "इतकी वरसं! म्या कुणाच्या पापाचा उपास केला रं? आन् काल हात हातात दिलास माझ्या!" मग ती गर्रकन वळली आणि माणसांवरच ओरडली, "उभी काय ऱ्हायलासा? सोडा म्हशी! करंजाच्या वर चला समदी!"

दुपारपर्यंत वसाहत रिकामी झाली. म्हाताऱ्या माणसांना, शेरडांना, गॅसच्या टाक्यांना ट्रॉलीत घालून वरच्या शाळेत नेलं. तात्यानं पाठीवरून ओझी वाहिली. त्याच्याशी कुणी बोललं नाही, कुणी नको असंही म्हटलं नाही. खिशात विश्वजितचा फोन तीनदा वाजून थांबला. अकराला पाणी निळ्या दगडाला लागलं. बाराला दगड दिसेना, आणि बनाबाईच्या उंबऱ्यात पाणी शिरलं. गोठ्यात काही नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात वर्षाराणीनं फडक्यातल्या भाकरी आणि खर्डा वाटायला घेतला. सगळ्यांना देत आली आणि सासूपाशी सवयीनं पुढं सरकली. बनाबाईनं हात पुढं केला.

"मला बी दे."

"आत्या, आज शुक्रवार."

"म्हायती हाय. दे."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास तिनं किती तरी वेळ चावला. डोळ्यांतून धार लागली ती तिनं पुसली नाही, खातच राहिली. आजूबाजूची माणसं जेवायची थांबली. वर्षाराणी रडत रडतच पुढच्या माणसाकडं वळली. पुढचा माणूस तात्या होता, पायरीवर चिखलानं भरलेला. तिनं भाकरी त्याच्यापुढं धरली.

"त्याला नगं," बनाबाई मान वर न करता म्हणाली. "आजपास्नं शुक्रवारचा उपास त्याचा."

तात्यानं मान डोलावली. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिथंच पायरीवर, पावसाच्या सडाक्यात बसला. बनाबाईनं सुनेकडं स्वतःसाठी आणखी एक भाकरी मागितली.